वेबसाइटच्या कार्बनचा हिशेब कोणी द्यायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका सार्वजनिक संस्थेच्या पर्यावरण समितीवर आहात. संस्थेच्या वेबसाइटचं मुख्य पान ४ एमबीचं आहे आणि महिन्याला साधारण एक लाख वेळा उघडलं जातं. एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरने दर भेटीमागे सुमारे ०.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दाखवला, दुसऱ्याने १.४ ग्रॅम. वार्षिक पर्यावरण अहवालात यातला कोणता आकडा घालायचा? आणि या उत्सर्जनाला जबाबदार कोण: तुम्ही, वेबसाइट बांधून देणारी कंपनी, की होस्टिंगवाले, म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हर भाड्याने देणारे? कायदा यात काय बांधतो? शिवाय समितीतल्या काही जणांना मुख्य पानावर ‘हरित वेबसाइट’चा बॅज लावायचा आहे.

आधी थेट उत्तर देतो. दोन्हींपैकी कोणताही आकडा एकटा घालू नका. आणि जबाबदारी तुमचीच. बाकीच्यांकडून माहिती मागायची, ती लेखी घ्यायची, पण उत्तर द्यायची वेळ आली की त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही.

ते दोन आकडे पाहून गोंधळू नका. ते एकाच पद्धतीच्या दोन आवृत्त्यांतून आलेले दिसतात. बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरांच्या पोटात ‘सस्टेनेबल वेब डिझाइन मॉडेल’ नावाचं गणित असतं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत एक जीबी डेटा वाचकापर्यंत पोचवायला ०.८१ किलोवॅट-तास वीज धरली होती आणि एका किलोवॅट-तासामागे ४४२ ग्रॅम उत्सर्जन. २०२४ मध्ये चौथी आवृत्ती आली. तिच्यात डेटा सेंटर, नेटवर्क, वाचकाचं उपकरण आणि या सगळ्यांच्या उत्पादनाचा वाटा मिळून एका जीबीला साधारण ०.३० किलोवॅट-तास धरले आहेत, आणि विजेचा गुणक ४९४ ग्रॅम. आता ४ एमबी घ्या. परत येणाऱ्या वाचकांची सूट (त्यांच्या ब्राउझरने पानाचा काही भाग आधीच साठवलेला असतो) सोडून दिली तर जुन्या आवृत्तीने १.४३ ग्रॅम येतात, नव्या आवृत्तीने ०.५९. वर्षाच्या बारा लाख भेटींना लावलं तर एकीकडे सुमारे १७२० किलो, दुसरीकडे सुमारे ७१० किलो. एका टनाचा फरक, आणि वेबसाइटवरचा एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही.

यंदा जुनी आवृत्ती वापरली आणि पुढच्या वर्षी नवी, की ५९ टक्के घट आपोआप झाली. असा अहवाल मी एका संस्थेच्या बैठकीत टाळ्यांच्या गजरात मंजूर होताना पाहिला आहे. कोणी खोटं बोलत नव्हतं. कॅल्क्युलेटर मधल्या काळात अद्ययावत झाला होता, इतकंच.

या गणिताची आणखी एक मेख आहे. डेटा निम्मा केला की वीज निम्मी होते असं ते गृहीत धरतं. नेटवर्क तसं चालत नाही. राउटर, स्विच, मोबाइल टॉवर वाहतूक कमी असली तरी जवळपास तेवढीच वीज खातात. क्षमता उभी केलेली असते ती गर्दीच्या वेळेसाठी. त्यात नेटवर्कची कार्यक्षमता झपाट्याने बदलते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने २०१५ सालासाठी स्थिर जोडणीच्या नेटवर्कचा खर्च जीबीमागे ०.०६ किलोवॅट-तास काढला होता आणि तो साधारण दर दोन वर्षांनी निम्मा होत आल्याचं दाखवलं होतं. जुना गुणक उचलून आजच्या पानाला लावला की आकडा फुगणारच. फुगलेल्या आकड्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हिडिओ स्ट्रीमिंगचं. अर्धा तास पाहिलं की १.६ किलो उत्सर्जन, हा ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या फ्रेंच अभ्यासगटाचा २०१९ मधला आकडा जगभर छापून आला. त्यात बिट आणि बाइट यांची गल्लत होती. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठपटीची चूक. २०२० मध्ये त्यांनी ती दुरुस्त केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या त्याच वर्षीच्या विश्लेषणात एका तासाला सुमारे ३६ ग्रॅम आले. दुरुस्ती मात्र मूळ बातमीइतकी कुठे छापून आली नाही.

मग हे कॅल्क्युलेटर टाकाऊ का? नाहीत. एकच आवृत्ती धरून स्वतःच्याच पानांची आपसात तुलना करायची असेल, कोणतं पान वजनदार आहे हे शोधायचं असेल, तर ते कामाचे आहेत. बाहेर प्रसिद्ध करायचा, ज्यावर कोणी तुम्हाला जाब विचारेल असा मुख्य आकडा मात्र त्यांच्यातून काढू नये.

आता जबाबदारीची चौकट. हरितगृह वायूंचा हिशेब बहुतेक संस्था जीएचजी प्रोटोकॉल या नियमावलीप्रमाणे ठेवतात. तिच्यात उत्सर्जनाच्या तीन व्याप्ती असतात: पहिली स्वतः जाळलेल्या इंधनाची, दुसरी विकत घेतलेल्या विजेची, तिसरी बाकी सगळ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनाची. स्वतःच्या इमारतीत सर्व्हर असेल तर त्याची वीज दुसऱ्या व्याप्तीत येते. होस्टिंग विकत घेतलेलं असेल तर ती तिसऱ्या व्याप्तीतली ‘खरेदी केलेल्या वस्तू व सेवा’ या सदरातली बाब. इथेच पळवाट निघते. सर्व्हर आपल्या तळमजल्यावरून क्लाउडवर नेला की दुसऱ्या व्याप्तीतला आकडा घसरतो, आणि तिसरी व्याप्ती पुष्कळ सार्वजनिक संस्था मोजतच नाहीत. उत्सर्जन नाहीसं झालेलं नसतं, फक्त मोजदादीच्या रेषेपलीकडे गेलेलं असतं. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत असं स्थलांतर झालं असेल तर अहवालात ते स्पष्ट लिहा.

वाचकाच्या मोबाइलने किंवा संगणकाने तुमचं पान दाखवायला खाल्लेली वीज हा वादाचा भाग. प्रोटोकॉलमध्ये अशा अप्रत्यक्ष वापराचं उत्सर्जन मोजणं ऐच्छिक आहे. माझं मत: मोजा, पण वेगळ्या ओळीत दाखवा आणि एकूण बेरजेत मिसळू नका. सीमारेषा कुठे ओढली यावर चित्र किती पालटतं याचा दाखला फ्रान्समध्ये आहे. तिथली पर्यावरण संस्था ‘आदेम’ आणि दूरसंचार नियामक ‘आर्सेप’ यांच्या २०२२ मधल्या अभ्यासात देशाच्या डिजिटल कार्बन फूटप्रिंटमध्ये वापरकर्त्यांच्या उपकरणांचा वाटा ७९ टक्के आणि डेटा सेंटरचा १६ टक्के होता. २०२५ मध्ये आदेमने सुधारित आकडे दिले, त्यात उपकरणं ५० टक्क्यांवर आली आणि डेटा सेंटर ४६ टक्क्यांवर गेली. याचं एक मोठं कारण म्हणजे देशातले लोक परदेशातली जी डेटा सेंटर वापरतात, तीही या वेळी हिशेबात धरली. पहिला अभ्यास वाचून ‘सर्व्हरचं काय घेऊन बसलात’ म्हणणारे आणि दुसरा वाचून ‘उपकरणांचं सोडा’ म्हणणारे, दोघेही घाई करतात.

होस्टिंगवाल्याशी बोलताना एक शब्द ऐकलात की थांबा: ‘शंभर टक्के हरित वीज’. बहुतेक वेळा याचा अर्थ वर्षभराच्या विजेइतकी हरित वीज कुठेतरी तयार झाल्याची प्रमाणपत्रं विकत घेतली, एवढाच असतो. जीएचजी प्रोटोकॉलची २०१५ ची मार्गदर्शिका यासाठीच दोन आकडे मागते: खरेदीच्या करारांवर आधारित एक, आणि सर्व्हर ज्या ग्रीडवर प्रत्यक्ष उभा आहे त्या ग्रीडवर आधारित दुसरा. दुसरा आकडा नेहमी मागा. कोळशावर चालणाऱ्या ग्रीडमध्ये एक किलोवॅट-तास ७०० ग्रॅमच्याही वर जातो. जलविद्युत किंवा अणुवीज जास्त असलेल्या देशांत तो शंभरच्या खूप खाली असतो. सोबत मागायच्या गोष्टी: आमच्या वाट्याला वर्षाला किती किलोवॅट-तास, आणि डेटा सेंटरचा पीयूई किती. पीयूई म्हणजे इमारतीत शिरलेली एकूण वीज भागिले संगणकांपर्यंत पोचलेली वीज. डेटा सेंटरांचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांत त्याची सरासरी गेली काही वर्षं १.५५ ते १.६ च्या आसपास अडून बसली आहे. ‘आम्ही अशी माहिती देत नाही’ असं उत्तर आलं तर ते उत्तर जसंच्या तसं अहवालात छापा. लाजेने पुष्कळ दारं उघडतात. युरोपीय संघात ५०० किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या डेटा सेंटरांना २०२४ पासून अशी माहिती सामायिक नोंदवहीत द्यावीच लागते, तेव्हा ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ ही सबब फार टिकत नाही.

आता मी ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते काम. कॅल्क्युलेटर बंद करा आणि यादी काढा. तुमच्या संस्थेच्या नावावर किती डोमेन, किती उपडोमेन, किती सर्व्हर, किती चाचणीच्या प्रती चालू आहेत? माझ्या अनुभवात ही यादी पहिल्या फटक्यात कुठेही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान विभाग एक आकडा सांगतो, लेखा विभागाच्या बिलांतून दुसरा निघतो, आणि डोमेनच्या नोंदी तपासल्या की तिसरा. चार वर्षांपूर्वी झालेल्या परिषदेची साइट, बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याने सुरू केलेलं पोर्टल, ‘नवीन’ वेबसाइट आल्यावर ‘काही दिवस राहू द्या’ म्हणून ठेवलेली जुनी. सगळ्या चालू, सगळ्यांचे रोज रात्री बॅकअप.

यातल्या एकाच विसरलेल्या सर्व्हरचा हिशेब करून बघा. १०० वॅट सतत ओढणारं यंत्र वर्षाला ८७६ किलोवॅट-तास खातं. पीयूई १.५६ धरला तर साधारण १३६७. ४९४ ग्रॅमच्या गुणकाने वर्षाला सुमारे ६७५ किलो. तुमच्या मुख्य पानाच्या बारा लाख भेटींचा आकडा होता सुमारे ७१०. म्हणजे समिती ज्या पानावर सहा महिने चर्चा करते आहे, जवळपास तेवढंच उत्सर्जन कोणीही न उघडणारी एक साइट करत असू शकते. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रावर चालणाऱ्या अनेक आभासी सर्व्हरांपैकी एक, असेल तर तिचा वाटा कमी निघेल, पण अशा मशीन सहसा एकट्यादुकट्या नसतात. शिवाय कोणी उघडत नाही हेही अर्धसत्यच. माणसं येत नाहीत, बॉट येतात, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम. वाचक मोजणाऱ्या साधनांत त्यातले बहुतेक दिसत नाहीत. सर्व्हरचे लॉग, म्हणजे प्रत्येक भेटीच्या नोंदी, काढले की कळतं. जुन्या परिषदेचं दिनदर्शिकेचं पान ‘पुढचा महिना’ दाबत दाबत एखादा बॉट कित्येक शतकं पुढे गेलेला मी लॉगमध्ये पाहिला आहे. प्रत्येक महिन्यासाठी सर्व्हर इमानेइतबारे डेटाबेसला विचारत होता.

सार्वजनिक संस्थांचा दुसरा खास आजार म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. परिपत्रक संगणकावर टंकलं जातं, छापलं जातं, सही-शिक्का होतो, आणि मग ते रंगीत ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन होऊन वेबसाइटवर चढतं. ए-फोर आकाराचं असं एक पान म्हणजे साडेतीन कोटी पिक्सेल. दोन पानांची सूचना मुख्य पानापेक्षा कितीतरी पट जड होते, तिच्यात शोध चालत नाही, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तर ती कोरा कागदच. डिजिटल सही वापरून मूळ मजकूर थेट पानावर दिला तर तीच सूचना काही केबीत बसते. संस्थेच्या कार्यपद्धतीतला हा एक बदल कुठल्याही चित्र-आकुंचनापेक्षा मोलाचा आहे. पण तो वेबसाइट बांधणाऱ्या कंपनीच्या हातात नसतो, आणि तिच्यावर जबाबदारी ढकलून चालत नाही ते याचमुळे.

त्या कंपनीच्या हातात जे असतं तेही बहुधा तुम्हीच मागितलेलं असतं. मुख्य पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, फिरत्या पट्टीतले आठ फोटो, समाजमाध्यमांची खिडकी, भेटी मोजणाऱ्या तीन वेगवेगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत उतरणारे छोटे प्रोग्राम. प्रत्येकाच्या मागे कुठल्या तरी बैठकीचं इतिवृत्त सापडतं. म्हणून मी प्रत्येक स्क्रिप्टसमोर एका अधिकाऱ्याचं पदनाम लिहायला लावतो. ज्या स्क्रिप्टला नाव मिळत नाही ती निघते. हा साधा नियम मी पाहिलेल्या कोणत्याही तांत्रिक उपायापेक्षा जास्त केबी वाचवतो. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या वेबसाइटने २०२२ मध्ये जेक्वेरी ही सर्रास वापरली जाणारी तयार कोडची लायब्ररी काढून टाकली. बहुतेक पानांमागे वाचले ३२ केबी. ऐकायला क्षुल्लक, पण फायदा ठळक दिसला तो संथ जोडणीवर आणि जुन्या उपकरणांवर.

जुनी उपकरणं. इथे सार्वजनिक संस्थेचं उत्तरदायित्व खासगी कंपनीपेक्षा वेगळं होतं. दुकानाची वेबसाइट माझ्या फोनवर चालली नाही तर मी दुसऱ्या दुकानात जाईन. दाखल्याचा अर्ज मात्र एकाच ठिकाणी मिळतो. उत्पादकांच्याच पर्यावरण अहवालांप्रमाणे एका नव्या स्मार्टफोनचा आयुष्यभराचा कार्बनचा ठसा साधारण ५० ते ८० किलो येतो, आणि त्यातला बहुतांश तो फोन पहिल्यांदा चालू होण्याआधीच, उत्पादनात झालेला असतो. तुमच्या मुख्य पानाचे वर्षाचे ७१० किलो म्हणजे दहा-बारा फोन. नव्या पोर्टलने जुन्या ब्राउझरला ‘समर्थित नाही’ असं सांगून वर्षभरात पंधरा माणसांना जरी नवा फोन घ्यायला लावला, तरी पान हलकं करून मिळवलेलं सगळं पाण्यात गेलं. कोणताही कॅल्क्युलेटर हे दाखवत नाही, कारण तो बाइट मोजतो. म्हणून ‘आमची सेवा किती वर्षं जुन्या उपकरणावर पूर्ण चालते’ ही ओळ अहवालात असलीच पाहिजे. सुरक्षेसाठी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या जोडणीचे फार जुने प्रकार बंद करावे लागतात, ते करा. पण सुरक्षेचं निमित्त करून नुसती चकचकीत मांडणी पुढे रेटू नका.

तसंच काम पूर्ण होण्याचं. अर्ज भरताना शेवटच्या पायरीवर साइट अडकली आणि माणूस मोटारीने कार्यालयात आला, जाऊन येऊन वीस किलोमीटर, किलोमीटरला १५० ग्रॅम धरले, तर तीन किलो झाले. नव्या आवृत्तीच्या गणिताने हे मुख्य पानाच्या पाच हजार भेटींइतकं आहे. पान हलकं करण्याच्या नादात मदतीचा मजकूर कापून टाकला आणि चार माणसं जास्त अडखळली तर तो तोट्याचा सौदा. याची उलटी बाजूही सांगतो: ‘ऑनलाइन सेवेमुळे इतक्या फेऱ्या वाचल्या’ असं म्हणून ते उत्सर्जन आपल्या बेरजेतून वजा करायचं नाही. टाळलेलं उत्सर्जन वेगळं दाखवायचं असतं. ते दाखवून स्वतःचं उत्सर्जन पुसता येत नाही.

कायद्याने काय बांधलं आहे, हेही तुम्ही विचारलं होतं. या विषयात सगळ्यात पुढे फ्रान्स आहे. डिजिटल क्षेत्राचा पर्यावरणीय ठसा कमी करण्याचा कायदा तिथे १५ नोव्हेंबर २०२१ चा. त्यानुसार ५० हजारांहून जास्त वस्तीच्या नगरपालिकांना १ जानेवारी २०२५ पर्यंत जबाबदार डिजिटल धोरण आखणं बंधनकारक झालं. सेवांच्या पर्यावरणपूरक रचनेसाठी २०२४ मध्ये ७८ निकषांची संदर्भ चौकट आली, ती मात्र ऐच्छिक आहे. वेबची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये वेब-शाश्वततेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा पहिला मसुदा २०२३ मध्ये निघाला. तोही बंधनकारक नाही.

मला स्वतःला अधिक उपयोगी वाटतो तो शेजारच्या विषयातला नमुना, सुगम्यतेचा, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता येण्याचा. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशाप्रमाणे सार्वजनिक संस्थेला वेबसाइटवर सुगम्यता निवेदन द्यावं लागतं: काय जमतं, काय जमत नाही आणि का, तक्रार कुठे करायची, आणि त्या तक्रारीचं उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे कोणाकडे जायचं. त्यात ‘आम्हाला १०० पैकी ८३ गुण’ अशी फुशारकी नसते. अपुरेपणा कबूल करायला जागा असते आणि जाब विचारायला पत्ता असतो. पर्यावरणाचं निवेदन याच साच्यात बसवा.

यंदाच्या अहवालासाठी म्हणून मी असं लिहीन. चालू असलेल्या साइट व सर्व्हरची संख्या, वर्षभरात बंद केलेल्यांची संख्या. होस्टिंगची वीज किलोवॅट-तासांत, ग्रीडवर आधारित उत्सर्जनासह. माहिती मिळाली नसेल तर कोणी दिली नाही ते. सगळ्यात जास्त उघडल्या जाणाऱ्या वीस पानांचं मध्यक वजन. तुलनेला एचटीटीपी आर्काइव्ह या वेबसाइटांची नियमित मोजणी करणाऱ्या प्रकल्पाचा आकडा चालेल, २०२४ मध्ये डेस्कटॉपवरचं मध्यक पान सुमारे २.६ एमबीचं होतं. किती जुन्या उपकरणावर मुख्य सेवा पूर्ण होतात. सुरू केलेल्या अर्जांपैकी किती पूर्ण झाले. वाचकांकडच्या वापराचा अंदाज वेगळ्या ओळीत, पद्धतीची आवृत्ती आणि विजेचा गुणक यांच्यासह. आवृत्ती बदलली तर मागच्या वर्षाचा आकडाही नव्या आवृत्तीने पुन्हा काढून. आणि खाली, ज्याला विचारायचं त्याचं पदनाम.

हे आकडे पुढच्या वर्षी आपोआप मिळायचे असतील तर निविदेत आत्ताच लिहा. पानाच्या वजनाची कमाल मर्यादा स्वीकृती चाचणीत घाला, म्हणजे मर्यादा ओलांडली तर देयक अडेल. किती वर्षं जुना फोन चाचणीत वापरायचा ते लिहा. देखभाल करारात वीजवापराचा तिमाही तक्ता मागा. आणि प्रत्येक नव्या साइटला जन्मतःच बंद होण्याची तारीख द्या. मुदतवाढ हवी असेल तर ती मागणारी सही लागेल.

राहिला बॅज. तुमच्या ४ एमबीच्या पानावर तो आज लावणं धाडसाचं ठरेल. पान हलकं झाल्यावरही मी तो मुख्य पानावर लावणार नाही, कारण असे बहुतेक बॅज म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी आणखी एक स्क्रिप्ट, आणि तिच्यासमोर कोणाचं पदनाम लिहायचं ते समितीला आधी ठरवावं लागेल.